कॉलर नसेल तर पकडणार काय?

"म्हणजे कराटे का गं?"

मी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते असं सांगितलं की पहिला प्रश्न हा ठरलेला. कराटे नाही. कराटेत लाथा-बुक्क्या असतात, आमच्यात एकही नसते. मग दुसरा प्रश्न, "मग ज्युडो?" हां, आता जरा जवळ आलात. ज्युडोचंच ब्राझीलमध्ये वाढलेलं भावंड म्हणा. सुरुवात उभ्याने होते, पण खरा खेळ जमिनीवर. समोरच्याला खाली आणायचं, त्याच्यावर ताबा मिळवायचा आणि मग हात, पाय किंवा मान अशा पेचात धरायची की त्याने हार मानून दोनदा थापटावं. या हार मानण्याला म्हणतात 'सबमिशन'. (आपल्याकडे सबमिशन म्हणजे रात्रभर जागून दुसऱ्याचं जर्नल उतरवणं. जीव दोन्हीकडे गुदमरतो, पण आपल्याकडे थापटून सुटका होत नाही!)

तिसरा प्रश्न मात्र मला गप्प बसू देत नाही. त्याच्यासाठीच हा लेख. "पण तुमचा तो पांढरा ड्रेस कुठाय?"

त्या पांढऱ्या ड्रेसला 'गी' म्हणतात. जाड विणीचं जॅकेट, जाड पँट आणि कमरेला रंगीत पट्टा. मी जिथे शिकते तिथे आम्ही तो घालत नाही. आम्ही घालतो रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, जो मुळात समुद्रात सर्फिंग करणाऱ्यांचा कपडा. खाली टाइट्स आणि त्यावर शॉर्ट्स. या प्रकाराला जगभर 'नो-गी' असंच नाव आहे, आणि आज त्याच्या स्वतंत्र स्पर्धा आहेत, स्वतंत्र चॅम्पियन आहेत.

गेल्या सेमिस्टरला आम्ही सात-आठ जणांनी जिमखान्याकडे एक साधा अर्ज केला. ज्युडोची जुनी मॅट्स वर्षानुवर्षं गुंडाळून पडली आहेत, ती आठवड्यातून दोन सकाळी आम्हाला वापरू द्या. पैसे मागितले नाहीत, कोच मागितला नाही. उत्तर आलं की आधी युनिफॉर्म ठरवा. नंतर तोंडी चर्चेत तीन आक्षेप कळले. एक, ड्रेसशिवाय हा खेळ अर्धवट, खरी परंपरा गीचीच. दोन, युनिफॉर्म नाही म्हणजे शिस्त नाही. आणि तिसरा जरा हळू आवाजात, की मुलींनी असे घट्ट कपडे घालून मुलांबरोबर झटापट करणं बरं दिसत नाही.

तिन्ही आक्षेप घेणारी माणसं चांगली आहेत, त्यामुळे चिडून काही उपयोग नाही. एकेक बघू या.

पहिला आक्षेप परंपरेचा. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल, पण ओरल्सइतका बोअर करणार नाही. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा काढली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युडो घडवला. तिथे तयार झालेला मित्सुयो माएदा नावाचा खेळाडू देशोदेशी लढती करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. बेलेम शहरात त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला. कार्लोस आणि त्याचा धाकटा भाऊ एलियो यांच्या घराण्याने पुढे जमिनीवरचा भाग वाढवला, आणि तेच आजचं ब्राझिलियन जिउ-जित्सू. ज्युडोचं जॅकेट त्याच्याबरोबर आपोआप आलं.

आता जॅकेट मुळात का होतं? कारण त्या काळच्या जपानी माणसाच्या रोजच्या कपड्याला लांब कॉलर होती, रुंद बाह्या होत्या, कमरेला पट्टा होता. भांडणात हाताला लागणार तेच. म्हणजे गी हा कुणा ऋषीने दिलेला वेष नव्हता, तर त्या वेळच्या अंगावरच्या कपड्याची टिकाऊ आवृत्ती होती. आज आपल्या अंगावर काय असतं? टी-शर्ट. तो पकडून जोरात ओढला तर माणूस खाली येण्याआधी शर्ट फाटून हातात येतो. जुन्या लोकांनी आपल्या भोवतालचा विचार करून कपडा निवडला. तोच विचार आज आपण केला तर परंपरा मोडली कशी?

आणि परंपरेच्या पोटातच कपड्याशिवायचे पेच आहेत. मागून मानेभोवती हात आवळून गुदमरवण्याचा जो पेच आहे, त्याला ज्युडोत 'हदाका-जिमे' म्हणतात. 'हदाका' म्हणजे उघडा! ज्याला पकडायला कपडा लागत नाही असा गळफास, हे जपान्यांनीच ठेवलेलं नाव. दुसरं उदाहरण घ्या. १९५१ मध्ये रिओमध्ये मासाहिको किमुरा या जपानी ज्युडोपटूने एलियो ग्रेसीला हरवलं ते हात पाठीमागे पिरगाळणाऱ्या पेचाने. जिंकणाऱ्याच्या सन्मानार्थ हरणाऱ्यांनीच त्या पेचाला 'किमुरा' नाव दिलं (हा दिलदारपणा मला फार आवडतो). अंगावर दोघांच्याही जॅकेट होतं, पण या पेचाला कापडाची गरजच नाही. समोरच्याचं मनगट धरायचं, दुसऱ्या हाताने आपलंच मनगट धरायचं, बस्स.

खुद्द रिओमध्येही गीशिवाय लढणाऱ्यांची वेगळी परंपरा होतीच. तिचं नाव 'लुता लिव्रे', म्हणजे मुक्त कुस्ती. तिचा मूळपुरुष एउक्लिदेस हातेम, टोपणनाव 'तातू'. याने १९४२ मध्ये ग्रेसी बंधूंपैकी जॉर्जला हरवलं होतं. दोन्ही गटांचं पुढे अनेक वर्षं हाडवैर होतं. गी ही ऐपतवाल्यांची आणि लुता लिव्रे ही ज्यांना गी परवडत नाही अशांची, असं तिकडे म्हणत. चांगला गी आजही काही हजारांत जातो. होस्टेलच्या मेसचं बिल भरून उरलेल्या पैशांत कुणाला तो जमतो ते तुम्हीच सांगा.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे मेकॅनिक्सकडे. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी पाठ केलंय की घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन. गीमध्ये बोटं कापडात घट्ट अडकतात, त्यामुळे म्यूची चिंता नसते. कॉलर हातात आली की ती दोरीसारखी वागते. टेन्शन मेंबर! त्या दोरीने तुम्ही समोरच्याला ओढू शकता, थांबवू शकता, दोरी गळ्याभोवती फिरवून गुदमरवू शकता. गी काढला की ही दोरी गेली. उरलं घामाने भिजलेलं मनगट. पहिल्या मिनिटाला ते धरता येतं, पाचव्या मिनिटाला ते साबणासारखं निसटतं. बोटांनी एन वाढवून किती वाढवणार?

मग करायचं काय? पकडण्याऐवजी अडकवायचं. काखेखालून हात घालून खांद्याला आकडा लावायचा. मागे गेलात तर एक हात खांद्यावरून आणि एक काखेखालून घेऊन छातीवर कुलूप घालायचं, गाडीच्या सीटबेल्टसारखं, आणि त्याला नावही सीटबेल्टच आहे. कोपर आणि गुडघा यांच्या पाचरी समोरच्याच्या अंगाशी अशा ठोकायच्या की त्याला हलायला जागाच उरू नये. चिमटा सुटतो, पाचर सुटत नाही. वर्कशॉपमध्ये जॉब पकडताना जे शिकलो तेच हे. नो-गीमध्ये जागा एक इंच चुकली तरी समोरचा निसटतो, आणि चूक लगेच कळते. कापड तुमची चूक काही सेकंद झाकून ठेवतं. घाम झाकत नाही.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त पटणारं उदाहरण ज्याँ-जाक मचाडोचं आहे. हा ग्रेसी घराण्याच्या नात्यातला ब्राझिलियन खेळाडू. जन्मतःच त्याच्या डाव्या हाताला पूर्ण बोटं नाहीत, फक्त अंगठा आणि करंगळी. म्हणजे ज्या खेळात कापड मुठीत धरणं हाच श्रीगणेशा, त्या खेळात याचा एक हात कापड धरूच शकत नव्हता. त्याने गी घालूनच सगळं शिक्षण घेतलं, पण डाव्या हाताने आकडे लावण्याचा, काखेत हात अडकवण्याचा स्वतःचा खेळ तयार केला. गीशिवायच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत, एडीसीसीमध्ये, १९९९ साली तो आपल्या वजनगटात विजेता झाला. कपडा नसताना सगळ्यांची पकड अधू होते, आणि याचा खेळ तर आधीपासून तसाच बांधलेला होता!

ही एडीसीसी स्पर्धा अबू धाबीच्या शेख तहनून बिन झायेद यांनी १९९८ मध्ये सुरू केली. मचाडोचा शिष्य एडी ब्राव्हो २००३ मध्ये साओ पावलोच्या एडीसीसीत उतरला, तेव्हा तो ब्राउन बेल्ट होता. समोर रॉयलर ग्रेसी, साक्षात एलियोचा मुलगा. ब्राव्होने त्याला पायांच्या त्रिकोणात अडकवून सबमिट केलं. त्याच वर्षी त्याने लॉस एंजेलिसमध्ये गी अजिबात न वापरणारी शाळा काढली. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय फेडरेशननेही वर्ल्ड नो-गी चॅम्पियनशिप भरवली. एडीसीसीच्या २०१७ ते २०२४ अशा लागोपाठ चार स्पर्धांत जिंकणाऱ्या गॉर्डन रायनचं जवळपास सगळं नाव गीशिवायच्या खेळातलं आहे. तेव्हा 'अर्धवट खेळ' हा शब्द आता तरी मागे घ्यायला हरकत नसावी.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे कॉलेज इलेक्शनचं पॅम्फ्लेट होईल. गीचे फायदे खरे आहेत. माझं वजन अठ्ठेचाळीस किलो. माझ्यासारखीला गी मदतच करतो, कारण बाही आणि कॉलर धरून दणकट माणसाचा वेग कमी करता येतो. गीशिवाय चपळाई आणि ताकद यांचं पारडं जड होतं, सगळं भराभर घडतं, विचार करायला वेळ मिळत नाही. गीमधला संथ खेळ संयम शिकवतो. कॉलरचे डझनावारी गळफास नो-गीवाल्याला कधी कळतच नाहीत. शिवाय २०१८ पासून एशियाडमध्ये हा खेळ आला तो गी घालूनच. ज्याला देशासाठी तिथे खेळायचंय त्याला गी चुकणार नाही.

मग दोन्हींत मोठं कोण? मला हा वादच चुकीचा वाटतो. ब्राझीलचा मार्सेलो गार्सिया गी घालून पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि गीशिवाय एडीसीसी चार वेळा जिंकला. त्याची खासियत अशी की तो गीमध्येसुद्धा अंग धरण्यावर भर द्यायचा, म्हणजे कपडा असो-नसो, खेळ तोच राहील. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात कुठून करायची हे जागा, हवा आणि खिसा बघून ठरवावं. जुलै महिन्यात आपल्या होस्टेलच्या दोरीवर जीन्स वाळत नाही, तिथे घामाने चिंब झालेला दोन-अडीच किलोचा गी काय वाळणार? तो तसाच कुबट घालून कुणी मॅटवर आलं तर परंपरेचं माहीत नाही, पण शेजारच्याचं कल्याण नक्की. रॅशगार्ड मात्र रात्री धुतला की सकाळी तयार.

इथे आमच्या आजोबांना आणायला हवं. आजोबा कराडकडचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. मी कॉन्व्हेंटवाली, माझं मराठी इंग्रजी माध्यमातून पाझरत आलेलं. पेच, पाचर, चीत, निकाल हे शब्द मला त्यांनीच दिले. सुट्टीत त्यांना एक नो-गीची मॅच दाखवली. दोन मिनिटं बघून म्हणाले, "आगं, पाठ लागली की त्येची! संपली न्हवं कुस्ती?" मी म्हटलं, "आजोबा, यात पाठ लागली तरी हरत नाहीत, उलट खालचाच जिंकेल बघा." आणि खरंच खालच्याने पायांच्या त्रिकोणात वरच्याला धरलं. आजोबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पोरी, निराळाच हाय ह्यो खेळ. पर पकड खरी हाय. आमी घाम आला की माती लावायचो, न्हाईतर मासा धरल्यागत निसटायचं."

बघा, घर्षणाचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात सांगितला! ज्युडोवाल्यांनी त्याचं उत्तर कापडात शोधलं, आपल्या तालमींनी तांबड्या मातीत. आपला पैलवान लंगोटावर लढतो, म्हणून कुस्तीला कुणी अर्धवट म्हटल्याचं ऐकिवात नाही. आणि गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं काय? मातीत वाढलेला हा पैलवान १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला मॅटवर उतरला, सहावा आला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. माती गेली, मॅट आली, नियम बदलले. कुस्ती तीच राहिली. ज्या महाराष्ट्राने हे पाहिलंय, तिथे कपड्यावरून खेळाची लायकी ठरवली जावी याचं वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे, कारण ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत बारा वर्षं मी युनिफॉर्ममध्ये काढली. टाय, बॅज, वेणीला हाउसच्या रंगाची रिबन, पीटीच्या दिवशी पांढरे कॅनव्हास शूज, आणि ते मळले असतील तर वर्गातला खडू घासून पांढरे करायचे. त्या खडूच्या बुटांनी आम्ही किती शिस्तीच्या झालो ते आमच्या सिस्टर्सनाच विचारा. पण त्याच सिस्टर सोमवारी प्रत्येकीची नखं तपासायच्या. तेव्हा राग यायचा. आज मॅटवर उतरण्याआधी मी स्वतःहून नखं कापते, कारण वाढलेलं नख समोरचीच्या डोळ्याजवळ ओरखडा काढू शकतं. गीमध्ये निदान मध्ये कापड असतं. नो-गीमध्ये कातडीला कातडी लागते, त्यामुळे गजकर्णासारखे त्वचारोग पटकन पसरतात. म्हणून अंघोळ करून यायचं, धुतलेले कपडे घालायचे, अंगावर चट्टा असेल तर तो बरा होईपर्यंत कडेला बसायचं, मॅट दर वेळी जंतुनाशकाने पुसायचं. यातला एकही नियम युनिफॉर्मने पाळला जात नाही, माणसाने पाळावा लागतो.

पट्ट्याचंही तेच. गीमध्ये कोण सीनिअर हे कमरेवरून कळतं. पांढरा, निळा, जांभळा, ब्राउन, काळा, आणि काळ्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं. नो-गीच्या फेडरेशनच्या स्पर्धांत रॅशगार्डवर त्या रंगाची पट्टी असते, पण रोजच्या सरावात बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. समोरचा कोण आहे हे पहिल्या तीस सेकंदांत त्याच्या हातांवरूनच कळतं. त्यामुळे कॉलर टाईट करून मिरवायची सोय नाही, कारण कॉलरच नाही! आणि मला हे आवडतं. आमच्याकडे एक काका येतात, पन्नाशीचे. रॅशगार्डमध्ये बघितलं तर पोट सुटलेले साधे गृहस्थ. त्यांनी मला आजवर इतक्या वेळा थापटायला लावलंय की मी मोजणं सोडलं. त्यांच्याबद्दल आदर वाटायला मला पट्टा बघावा लागला नाही.

शिस्तीची खरी परीक्षा नो-गीमध्ये पायाच्या पेचांची असते. हे मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आमच्या बाजूचा धोका आम्हीच सांगितला पाहिजे. 'हील हूक' नावाचा एक पेच आहे. समोरच्याची मांडी आपल्या दोन पायांत जखडायची, टाच कोपराच्या खोबणीत धरायची आणि पाऊल वळवायचं. गुडघा म्हणजे बिजागरी. तो पुढे-मागे मस्त चालतो, पण फिरवायला फारसा वाव नाही. मांडी फिक्स, पाऊल म्हणजे लिव्हर, सगळा टॉर्क गुडघ्याच्या आतल्या लिगामेंट्सवर. यात वाईट गोष्ट अशी की दुखणं उशिरा कळतं. कळेपर्यंत काहीतरी तुटलेलं असू शकतं. न्यू यॉर्कमध्ये जॉन डॅनहर यांच्या शिष्यांनी गेल्या दशकात या पेचांचं अक्षरशः शास्त्र बनवलं आणि सगळीकडे त्यांची लाट आली. फेडरेशनने २०२१ मध्ये हील हूकला परवानगी दिली, तीही फक्त नो-गीत आणि फक्त प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टना. त्यामुळे मोबाईलवर व्हिडिओ बघून होस्टेलच्या गादीवर एकमेकांच्या टाचा पिरगाळणाऱ्यांना माझे हात जोडून विनंती आहे, बाबांनो, आधी थापटायला शिका आणि थापटलं की सोडायला शिका.

आणि इथून मी तिसऱ्या आक्षेपावर येते, मुलींच्या. हा आक्षेप घरातही होता. रॅशगार्ड बघून आई म्हणाली, "हे घालून तू मुलांशी कुस्ती खेळणार?" आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिची काळजी खरी होती. तिला मी इतकंच दाखवलं की रॅशगार्ड आणि टाइट्स मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकतात आणि कितीही उलटं-सुलटं झालं तरी जागचे हलत नाहीत. गीचं जॅकेट मात्र पाच मिनिटांच्या झटापटीत पट्ट्यातून सुटून लोंबायला लागतं. म्हणून तर गी घालणाऱ्या कित्येक मुली आतून रॅशगार्ड घालतात. मग 'बरं दिसणं' नक्की कशात आहे?

पण कपड्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या क्लासमध्ये पंच्याऐंशी किलोचा एक मुलगा आहे. तो माझ्यावर ताबा मिळवतो, हात पेचात धरतो, आणि मी त्याच्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा हलकेच थापटते. तो त्याच क्षणी सोडतो. का, कशाला, अजून थोडं, असं काही नाही. लगेच सोडतो. बसमध्ये, लोकलमध्ये, रस्त्यावर 'नको' हा शब्द मोठ्याने दहा वेळा ओरडून जे मिळत नाही, ते इथे दोन बोटांनी मिळतं. आणि मी कुणाचा हात धरलेला असेल तर सोडायचा नियम मलाही तसाच लागू. मुलांना आणि मुलींना एकमेकांचा नकार ओळखायला, मानायला शिकवणारी अशी दुसरी जागा या कॅम्पसवर मला तरी दिसत नाही. सेमिनार खूप होतात. तिथे सही करून समोसा खाऊन आपण बाहेर येतो.

सेल्फ डिफेन्सबद्दल मी मोठमोठे दावे करणार नाही. दीड वर्षात कुणी झाशीची राणी होत नाही, आणि संधी मिळाली की पळून जाणं हाच पहिला डाव, असं आम्हालाही शिकवतात. पण कुणीतरी अंगावर वजन टाकून धरलंय, श्वास कोंडलाय, आणि तरीही घाबरून न गोठता आपण एक कोपर आत घेतो, कंबर सरकवतो, जागा करतो, हा अनुभव शंभरदा घेतलेला असणं आणि एकदाही न घेतलेला असणं यात फरक आहे. आणि तो घ्यायला समोरच्याच्या अंगावर कॉलर असावीच लागते असं नाही. खऱ्या वेळी ती असेल याची गॅरंटी कोण देणार?

तर जिमखाना कमिटीला माझं नम्र सांगणं आहे. गीला आमचा विरोध नाही. उद्या कुणी गी शिकवणारं मिळालं आणि मुलांच्या खिशाला परवडलं तर मी पहिली रांगेत उभी राहीन, कारण कॉलरचे गळफास मलाही शिकायचेत. पण तोपर्यंत मॅट्स धूळ खात ठेवू नका. युनिफॉर्म हवाच असेल तर हा घ्या: धुतलेला, बटण-चेन-खिसे नसलेला पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा टी-शर्ट, खाली तशीच पँट. नखं कापलेली, अंगावर अंगठी-कानातलं नाही. पहिल्या वर्षात हील हूक बंद. थापटलं की सोडायचं, आणि जो सोडणार नाही त्याला त्या दिवसापासून मॅट बंद, मग तो कितीही चांगला खेळत असो. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहा ते आठ. आठनंतर मॅट पुसून, गुंडाळून जागेवर.

एवढ्या नियमांवर एक महिना चालवून बघा. कमिटीतल्या सरांनी स्वतः येऊन बघावं, हवं तर मॅटवर यावं, वयाची अट नाही. शिस्त दिसली नाही तर मॅट्स परत गुंडाळा, आम्ही पुन्हा अर्ज करणार नाही.

आणि मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासाठी दुसरा अर्ज लिहून तयार आहे. सह्या करायला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर या. बघा पटतंय का!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)